मधले पंचवीस दिवस

चमचा सालीपर्यंत शिरला – आणि वाटीसारख्या त्या हिरव्या सालीतला ओलसर, पांढुरका गर हलला, मधोमध जेलीसारखी चार पाकळ्यांची नक्षी, आणि वास... वास पेरूचा म्हणावा तर पेरूचा नव्हे, अननसाचा म्हणावा तर तोही नव्हे. आठवला आठवला म्हणेपर्यंत निसटणारा. सुमतीबाई ओट्यापाशी उभ्याच होत्या. मे महिना आला की या गल्लीत फिजोआची फळं कोणी विकत घेत नाही, वाटून वाटूनही संपत नाहीत. शेजारीण पिशवीच्या पिशवी पत्रपेटीवर ठेवून जाते, त्यातलं हे सकाळपासूनचं तिसरं. मागच्या आठवड्यात असतं तर त्या म्हणाल्या असत्या, असेल मेलं कशासारखं तरी, आणि खाऊन मोकळ्या झाल्या असत्या. पण सोमवारपासून काही आठवेना की छातीत लक्कन हलायचं. हा वास मी विसरलेय, की मला तो कधी माहीतच नव्हता? दोन्ही वेगळं आहे. फार वेगळं आहे – आणि आज दुपारी साडेतीनला ते वेगळेपण ओळखणार कोण?

साडेतीनला दवाखान्यात जायचं होतं, स्मरणशक्तीच्या चाचणीला. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लेकीनं, संपदानं, 'आई – ३.३०' एवढंच लिहिलं होतं. कशासाठी ते लिहायचं तिनं टाळलं होतं, आणि ते टाळणंच सुमतीबाईंना जास्त लागलं होतं.

झालं होतं ते एवढंसं. नातीला, स्वानंदीला, शाळेत इतिहासाचा प्रकल्प होता – महायुद्धात उतरलेली अमेरिका ते हायड्रोजन बॉम्ब. सोळा वर्षांची पोर, जन्म इथलाच, या दक्षिणेकडच्या बेटावरचा, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतून. विषय ऐकला मात्र, सुमतीबाईंच्या अंगात वारंच शिरलं. अहो, तेहेतीस वर्षं पुण्यात कॉलेजात हेच तर शिकवलं! 'बाईंच्या नोट्स' म्हणून ती पानं मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे जायची, झेरॉक्सवर झेरॉक्स होऊन अक्षरं फिकी व्हायची तरी जायची. मग काय – कागद नाही, पुस्तक नाही, डोळे मिटले, पदर सारखा केला आणि सुरू: "लिही. सात डिसेंबर एकोणीसशे एकेचाळीस, पर्ल हार्बर. दोन डिसेंबर बेचाळीस, शिकागो, पहिली अणुभट्टी. सोळा जुलै पंचेचाळीस, वाळवंटातली चाचणी..." पोरगी हसत हसत लॅपटॉपवर इंग्रजीत उतरवत गेली. सहा ऑगस्ट, नऊ ऑगस्ट. शेचाळीसच्या जुलैमध्ये बिकिनी बेटं. "तेवीस सप्टेंबर एकोणपन्नास, रशियाचा पहिला अणुस्फोट, अमेरिकेची मक्तेदारी संपुष्टात. पूर्णविराम. याखाली रेघ मार." आणि स्वानंदीनं रेघ मारली होती.

सोमवारी शिक्षिकेनं त्या ओळीच्या बाजूला लिहिलं – स्फोट एकोणतीस ऑगस्टला झाला. तेवीस सप्टेंबरला अमेरिकेच्या अध्यक्षांनी तो फक्त जाहीर केला.

"इट्स ओके, आजी," स्वानंदी म्हणाली. "हीप्स ऑफ पीपल मिक्स दॅट अप. आय फिक्स्ड इट. स्वीट ॲज."

संपदा इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही, पण इस्त्री थांबली. मागच्या आठवड्यात डाळ करपली होती. बागेतला नळ सकाळपर्यंत चालू राहिला होता. दुकानातल्या माणसाला दोनदा भलत्याच नावानं हाक मारली होती. ते सगळं संपदा पोटात ठेवून बसली होती, आणि आता एका तारखेनं ते वर आलं. "आई, डाळ कोणाचीही करपते गं," ती हळूच म्हणाली, "पण तारीख? तुझी?"

चौदा जूनचं परतीचं तिकीट होतं. सहकारनगरच्या दोन खोल्या, गॅलरीतला वेताचा झोका, दाराला स्वतःच्या नावाची पाटी, आणि कोणाला न विचारता केव्हाही टाकलेला चहा – सहा महिने सुमतीबाई त्या चहाकडे डोळे लावून बसल्या होत्या. इथं काही कमी होतं असं नाही. जावई देवव्रत टौरंगाहून, बंदराच्या कामावरून, शुक्रवारी येताना आठवणीनं त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येतो. पण दुसऱ्याच्या घरात माणूस कितीही लाडाचं असलं तरी खुर्चीच्या कडेवर बसतं. आणि आता संपदा म्हणत होती, रिपोर्ट काय येतो बघू, मग तिकिटाचं ठरवू; डोकं असं व्हायला लागलं असेल तर तिथं एकटीला नाही ठेवायची मी तुला.

एका वाक्यात सुटलं असतं सगळं. 'संपदा, मी विसरले नाही. मी आयुष्यभर हेच चुकीचं शिकवलं.' एवढंच म्हणायचं. घर परत मिळालं असतं. फक्त दारावरची पाटी – प्रा. सुमती जनार्दन... त्या पाटीकडे मग कोणत्या तोंडानं बघायचं?

पावणेबाराला त्या कोथिंबीर आणायला बाहेर पडल्या. ऊन होतं, पण इथला मे म्हणजे थंडीची सुरुवात, अंगाला न लागणारं. आकाश इथं जरा जास्तच वर असतं असं त्यांना नेहमी वाटायचं. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी – इथं किराणा दुकानाला डेअरी म्हणतात – शाळा बुडवलेली दोन पोरं रबरी सपाता फटफटवत आइस्क्रीम खात होती. "किआ ओरा, आँटी," त्यातल्या एकानं माओरीतून नमस्कार केला, आणि त्यांनीही मान हलवून "किआ ओरा बाबा" म्हटलं. दुकानांची रांग आली, अगरबत्तीचा आणि तळणाचा वास आला, साड्या नेसवलेल्या काचेतल्या बायका आल्या. आणि कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता, काही कारण नसताना, पाण्याखालून वर यावी तशी ती आली – दोन वेण्या, चष्मा, उजव्या हाताला शाई. श्यामला.

त्र्याऐंशी साल. तिसऱ्या वर्षाचा वर्ग, दुपारचा शेवटचा तास, पूर्वपरीक्षेचे पेपर वाटून झालेले. साठ पोरी आपापले मार्क बघून कुजबुजत होत्या, आणि दुसऱ्या बाकावरची श्यामला उभी राहिली. "बाई, माझे दोन मार्क गेलेत. पण पुस्तकात एकोणतीस ऑगस्टच आहे." कुठल्याशा लायब्ररीतून तिनं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, बोट घालून पान धरून ठेवलं होतं. मी तिच्याकडे पाह्यलं. पुस्तकाकडे नाही, तिच्याकडे. आणि म्हटलं, "पेपर पुस्तक तपासणार आहे, की मी?"

वर्ग हसला. काय हसला! मागच्या बाकापर्यंत हसला. श्यामलानं पानातलं बोट काढून घेतलं आणि ती खाली बसली.

"आँटी, मिंट पण देऊ?" दुकानदार विचारत होता. सुमतीबाईंनी नको म्हणून हात केला. आज त्यांनी त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

घरी जायला तासभर अवकाश होता, म्हणून त्या स्टेशनाकडे वळल्या. गाडीत बसायचं नसलं तरी तिथल्या बाकावर बसायला त्यांना आवडायचं – शहराकडे जाणारी गाडी यायची, दारं आपोआप उघडायची, कोणी चढायचं नाही की उतरायचं नाही, तरी गाडी शहाण्यासारखी ठरलेला वेळ थांबून मग निघायची. कोथिंबिरीची पिशवी मांडीवर. समोर रुळांवर ऊन पडून थरथरत होतं...

...त्या दिवशी तास सुटल्यावर मी लायब्ररीत गेले होते. कोणी बघत नाही ना पाहून तसलंच एक जाडजूड पुस्तक काढलं. एकोणतीस ऑगस्ट. स्वच्छ लिहिलेलं. दुसरं काढलं, त्यातही तेच. म्हणजे मी सुरुवातीला, नोकरीच्या पहिल्या वर्षी, घाईघाईत टिपणं काढताना जाहीर केल्याची तारीख घेतली आणि स्फोटाची म्हणून लिहिली. चूक झाली. चूक कोणाची होत नाही? पुस्तक जागेवर ठेवलं. उद्या वर्गात सांगू, म्हटलं. मग उद्या सुट्टी होती. मग परवा वर्गात गेले तर श्यामला खाली मान घालून बसली होती, आणि मला वाटलं, आता हिच्यासमोर? साठ पोरींसमोर? विद्यापीठाचे पेपर तपासणारी निम्मी मंडळी तरी माझ्याच नोट्सवर शिकलेली, मुलींनी दुसरं काही लिहिलं तर त्यांचेच मार्क जायचे... असं मी स्वतःला सांगितलं. किती सोयीचं सांगितलं! पुढच्या चाचणीत श्यामलानं आपल्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं – तेवीस सप्टेंबर. आणि मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

त्यानंतर बावीस वर्षं. दर वर्षी साठ मुली. आणि दर वर्षी त्या ओळीपाशी आलं की मी खिडकीबाहेर बघत सांगायचे.

एकदा फक्त जनार्दनना सांगितलं होतं, जेवताना. ते ताक ओतून घेत होते. "अगं, रशियानं तक्रार केलीये का?" म्हणाले आणि हसले. त्यांचं सगळं असंच. पोस्टात नोकरी केली, पण मनात काही साठवून ठेवलं नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली.

गाडी गेली. स्टेशन पुन्हा रिकामं झालं. आणि त्या रिकाम्या उन्हात सुमतीबाईंना ते मधले पंचवीस दिवस दिसायला लागले – एकोणतीस ऑगस्ट ते तेवीस सप्टेंबर. वर्गात त्यांनी कधी न शिकवलेले, नोट्समध्ये जागाच नसलेले दिवस. बॉम्ब तर फुटून गेला होता. पण अमेरिकेत लोक सकाळी उठून दाढी करत होते, वर्तमानपत्र उघडत होते, बॉम्ब एकट्या आपल्याकडेच आहे म्हणून निवांत कॉफी पीत होते. आणि दोन वर्षांच्या मला आई न्हाऊ घालून धुरी देत होती. कोणाला काही माहीत नव्हतं. फक्त वर, फार वर, धूळ निघाली होती वाऱ्याबरोबर, डोळ्यांना न दिसणारी, समुद्रावरून सावकाश. मग तीन सप्टेंबरला जपानहून अलास्काकडे जाणारं, हवामान बघणारं एक अमेरिकी विमान तिच्यातून गेलं, आणि विमानातल्या गाळणकागदावर ती बसली. त्यानंतरही किती दिवस मोठमोठी माणसं तो कागद बघत एकमेकांना विचारत होती – हे तेच आहे ना?

म्हणजे तसं असेल का? माझ्या डोक्यात काही तरी होऊन गेलंय, आणि कुठल्या कागदावर अजून आलेलं नाही? डाळ, नळ, दुकानदाराचं नाव... ती तारीख खोटी साक्षीदार आहे, तिचं सोडा, पण बाकीचं? सुमतीबाई तारखांची माळ भराभर मनात ओढायला लागल्या – एकेचाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस, शेचाळीस, एकोणपन्नास, मग पन्नासच्या जानेवारीत अध्यक्षांचा निर्णय, बावन्नच्या एक नोव्हेंबरला बेटच्या बेट समुद्रातून पुसून टाकणारा तो हायड्रोजनचा स्फोट. सगळ्या जागेवर होत्या. अगदी चुकीचीसुद्धा जागेवर होती. त्या उठल्या, आणि दोन पावलं घराच्या उलट दिशेला जाऊन मग वळल्या. हे दोन पावलांचं कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

संपदा माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसमधून लवकर निघून आली. वाटेत स्वानंदीला शाळेतून घेतलं. ती मागच्या सीटवर कानात इअरफोनच्या खुंट्या घालून बसली. दवाखान्याच्या आवारात गाडी लावली तेव्हा दहा मिनिटं हातात होती. संपदानं इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत सुमतीबाईंना कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"संपदा, ती तारीख मी विसरले नव्हते."

"बरं."

"बरं काय? नीट ऐक. मी वर्गात तशीच सांगायचे. पहिल्या वर्षापासून. चूक होती माझी. आणि ती चूक आहे हे मला त्र्याऐंशीपासून माहीत होतं."

संपदा वळून बघायला लागली. तिच्या डोळ्यांत नुसती माया होती. "आई, असं नको ना करूस."

"कसं?"

"हे असं. घरी जायचंय तुला, कळतंय गं मला. म्हणून तू स्वतःवर काहीही ओढून घेणार? तुझ्या मुली अजून गुरुपौर्णिमेला फोन करतात तुला. माहीत असून चुकीचं शिकवशील तू? तू?"

"शिकवलं. बावीस वर्षं. एक मुलगी होती, श्यामला म्हणून, तिचे दोन मार्क कापले मी. ती बरोबर होती. सगळ्या वर्गाला तिच्यावर हसवलं."

"बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं, तू अशी नव्हतीस."

"अगं, त्यांना माहीत होतं!"

संपदानं आईचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं तो चोळत राहिली, तापलेल्या मुलाचा चोळतात तसा. मागून स्वानंदीनं एका कानातली खुंटी काढली. "मम, इज शी ओके?"

"शीज जस्ट नर्व्हस."

"आजी," स्वानंदी पुढे वाकली, "यू डोन्ट हॅव टू मेक अप स्टफ, एह. वी स्टिल लव्ह यू."

सुमतीबाईंना राग आला, खरा राग, कानशिलं तापवणारा. आणि त्याच्याच पाठोपाठ हसूही आलं. खोटं सांगत होते तेव्हा साठ-साठ मुली माना खाली घालून उतरवून घेत होत्या, रेघा मारत होत्या. आणि आज खरं सांगतेय तर पोटची पोर हात चोळतेय. काय बोलायचं? या दोघी माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत ते माझ्यावर फार विश्वास आहे म्हणून. आता शपथ घेतली तरी ते लक्षणच धरलं जाईल.

जनार्दन असते तर म्हणाले असते, हो, सांगितलं होतं खरं हिनं. ते नाहीत. म्हणजे आता जगात एकच माणूस उरलं की ज्याला हे सांगितल्यावर पुरावा लागणार नाही, आश्चर्यसुद्धा वाटणार नाही. साठी ओलांडली असेल तिनं. केस पिकले असतील, नातवंडं असतील. कुठल्या गावात असेल, असेल का... श्यामला, श्यामला काय बरं? आडनाव. हजेरीत यायचं तिचं नाव मधेच कुठेतरी. श्यामला... मार्क कापलेला तो पेपर दिसत होता, तांबडी रेघ दिसत होती, टपोरं अक्षर दिसत होतं, आणि नावाच्या जागी नुसता पांढरा कागद.

दार उघडून बाहेर येताना संपदानं त्यांच्या कोपराला धरलं, आणि त्यांनी धरू दिलं.

आतली नर्स हसऱ्या चेहऱ्याची, थोराड बांध्याची होती. "किआ ओरा, सुमती," म्हणत तिनं खुर्ची पुढे ओढली. संपदाला बाहेर बसायला सांगितलं. आज वार कोणता? महिना कोणता? कुठलं शहर? सुमतीबाईंनी सगळं नीट, वर्गात सांगितल्यासारखं सांगितलं. सकाळी ठरवलं होतं त्याप्रमाणे ताठ बसल्या होत्या. मात्र सकाळी त्यांना फक्त सहकारनगरच्या दोन खोल्या दिसत होत्या – चाचणी पार पडली की चौदा जून, विमान, गॅलरी, चहा. आता त्या खोल्या होत्या, नाही असं नाही, पण लांब, धूसर, कोणा ओळखीच्या बाईच्या घरासारख्या. आता भीती भलतीच होती. डोकं जाणारच असेल तर जाईल बापडं, बिकिनी जाईल, शिकागो जाईल, उद्या पर्ल हार्बरही जाईल. पण त्यांच्याबरोबर त्या दुपारचा तो तासही पुसला जाईल. मग मी चांगलीच बाई होऊन बसेन कायमची. आणि श्यामला बरोबर होती हे ठाऊक असलेलं बाकांच्या या, बाईंच्या बाजूचं कोणीच उरणार नाही.

"मी पाच शब्द सांगते," नर्स सावकाश इंग्रजीत म्हणाली. "लक्षात ठेवायचे. थोड्या वेळानं मी पुन्हा विचारीन."

होडी. लिंबू. खिडकी. लोकर. पूल.

सुमतीबाईंनी ते एकेक करून मनात लावले, आणि शेवटी, कोणी न सांगितलेला सहावा ठेवला – श्यामला. पाचांतला एखादा गेला तर गेला. नर्सनं पान उलटलं, घड्याळाचं चित्र काढायला कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. त्यांनी पेन्सिल हातात घेतली, पण टेकवली नाही. आडनाव क वरून नाही, ग वरून नाही, दोन अक्षरी नव्हतं, लांब होतं, हजेरी घेताना जिभेवर जरा थांबायला लागायचं...

"टेक युअर टाइम, डिअर," नर्स म्हणाली.

त्यांनी मान हलवली, आणि डोळे मिटून त्या पुन्हा पहिल्या बाकापासून हजेरी घ्यायला लागल्या.